डाव्या जबड्यातला साक्षीदार

सकाळी सव्वाअकरा वाजता दातांच्या दवाखान्यात एका शिंप्याच्या हिरडीत बारीक सळई घातली गेली. ती जिथे थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. आधी रक्त आले, मग पू आला. डॉक्टरबाईंनी सळई ट्रेमध्ये ठेवली आणि विचारले, "मास्तर, सिगरेट पुन्हा सुरू केलीत का?"

"नाही हो," मास्तर म्हणाले.

"मी काय म्हणत होते?" खुर्चीच्या पायथ्याकडून आवाज आला. तो त्यांच्या बायकोचा होता.

मित्रांनो, ती सळई माझ्या अंगालगत खाली उतरली होती. मी एक स्क्रू आहे, नऊ वर्षे एकाच जबड्यात काढलेला. खालच्या जबड्यात डावीकडे, सुळ्याच्या मागे, जिथे एक खरा दात पडून खड्डा झाला होता, तिथे मला पिळून बसवले आहे. माझ्या डोक्यावर दाताच्या रंगाची टोपी आहे. लोकांना टोपी दिसते, मी दिसत नाही. मास्तर मला 'लोखंड्या' म्हणतात. मी टायटॅनियमचा आहे, पण चारचौघांत सांगायला लोखंड बरे वाटते.

मी पाहू शकत नाही. मला दुखतही नाही. खऱ्या दाताच्या मुळाभोवती पातळ गादी असते आणि तिच्यात नसा असतात, म्हणून खडा लागला तर तो कळवळतो. मी हाडाला थेट चिकटलो आहे, मधे गादी नाही. पण हाडातून आवाज फार छान येतो. कात्रीचा, मशीनचा, घोट गिळल्याचा, खोटे बोलण्याआधी आवळलेल्या जबड्याचा. तेव्हा इथे जे सांगतो ते ऐकलेले आहे. जे ऐकले नाही त्याबद्दल फक्त संशय आहे, आणि तो संशय आहे असे मी त्या त्या ठिकाणी सांगेन.

माझा जन्म एका अशा खोलीत झाला जिथे दारे आपोआप बंद होतात आणि माणसे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असतात, असे ऐकून आहे. धातूच्या कांबीतून मला कातून काढले, अंगावर आटे पाडले आणि मग आम्लात बुडवून माझे अंग मुद्दाम खरबरीत केले. "जितका खरबरीत तितकं हाड घट्ट धरतं," असे एक कारागीर दुसऱ्याला सांगत होता. त्याचे म्हणणे बरोबर होते. खरबरीत अंगावर हाडाखेरीज दुसरेही काही धरू शकते, हे त्याने सांगितले नाही. त्याला कोणी विचारलेही नसावे.

माझ्या आधी त्या जागी असलेल्या दाताची चौकशी मी आल्याबरोबर केली. त्याला कीड नव्हती. तो अखंड होता आणि तरी पडला. डॉक्टरबाईंनी मास्तरांना समजावले ते असे: दातावर मऊ थर साचतो, तो काढला नाही की त्याचे कीटण होते, हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि तिच्या आत खाली हाड झिजत जाते. भिंत शाबूत, पाया गायब. यालाच हिरड्यांचा आजार म्हणतात.

"आणि हा आजार गेला असं समजू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "तो दबून बसतो. मागच्या दाढेलाही थोडा आहेच."

मागची दाढ म्हणजे माझी शेजारीण. पहिल्या दिवसापासून माझा तिच्यावर डोळा होता, म्हणजे असता तर असता. ती कधी हूं की चूं करत नाही. जी शेजारीण कधीच काही बोलत नाही, तिच्याकडे काहीतरी शिजत असते.

मला बसवताना मास्तरांना एक अट घातली होती. सिगरेट कायमची बंद. ती अट डॉक्टरबाईंनी घातली, पण ती पाळायला लावणारी काकू होती. काकू म्हणजे मास्तरांची बायको. दुकानात येणारी सगळी गिऱ्हाइके तिला काकूच म्हणतात. मास्तर कापतात आणि शिवतात. काज, बटणे, तुरपाई काकू करते, आणि तिचे स्टूल मास्तरांच्या मशीनला लागून असते. काकूचे वडील तंबाखूपायी गेले होते. जबडा कापावा लागला होता. "शेवटचे चार महिने त्यांचं तोंड मी धुतलंय," ती मास्तरांना म्हणाली होती. "दुसऱ्यांदा धुणार नाही. सांगून ठेवते."

मास्तरांनी सिगरेट सोडली. निदान तसे ते म्हणाले, आणि तेव्हा जबडा आवळला गेला नव्हता.

सुरुवातीचे महिने मी हिरडीखाली झाकलेला होतो. हाड घाई करत नाही. ते हळूहळू येऊन माझ्या आट्यांत शिरले आणि एके दिवशी डॉक्टरबाईंनी मला चिमट्याच्या मुठीने ठोकून पाहिले. टणक, स्वच्छ आवाज आला. "पक्का बसलाय," त्या म्हणाल्या. माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सर्वांत मोठी शाबासकी.

मग टोपी आली. मास्तरांना कणीस खाता येऊ लागले आणि ते गिऱ्हाइकांसमोर टोपीवर नखाने टकटक करून दाखवू लागले. "याला कीड लागत नाही, हा दुखत नाही, मेल्यावरसुद्धा राहणार." माप देत उभे असलेले गिऱ्हाईक म्हणे, "मास्तर, हात वर करून उभा आहे मी, आधी छाती मोजा." काकू बाजूने म्हणे, "त्यांची छाती आधी फुगून झाली की मग तुमची मोजतील."

टोपी बसवली त्या दिवशी डॉक्टरबाईंनी काळजी कशी घ्यायची तेही सांगितले. दोन वेळा मऊ ब्रश, वर्षातून एकदा तपासणी, आणि दाताच्या फटीतून फिरवायचा एक खास दोरा. तो दुकानात डबीत मिळतो.

"दोरा?" मास्तर म्हणाले. "दोरा मी विकत घेऊ? न्हाव्याला कंगवा विकायला निघालात की हो तुम्ही."

डॉक्टरबाई हसल्या. काकू हसली. मदतनीस मुलगीसुद्धा हसली. कोणीच पुढे काही बोलले नाही.

मास्तर विनोद करत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून दुपारचे जेवण झाले की ते मशीनवरच्या रिळाचा हातभर दोरा तोडत आणि माझ्या दोन्ही कडांनी ओढत. सुती शिलाईचा दोरा, जो रंग मशीनला लागलेला असेल तो. मला स्पर्श कळत नाही, पण करवतीसारखी बारीक खरखर हाडातून येई. मला वाटे, माझी काळजी घेतली जात आहे. मास्तरांनाही तेच वाटे.

तपासणीला ते दोन वर्षे गेले. मग गणवेशाचा हंगाम आला, मग लग्नाचे कोट आले, मग "दुखत तर नाही, कशाला?" आले.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात सकाळी ब्रश करताना मास्तर थुंकले आणि म्हणाले, "अगं, रक्त आलं."

"कुठून?"

"लोखंड्याच्या इथून. ब्रश जोरात लागला असेल."

"मग दाखवा जाऊन."

"दाखवायचं काय त्यात? कापड विरायला लागलं की त्यावर ब्रश मारायचा नसतो. तेवढी जागा सोडायची."

आणि त्यांनी तेवढी जागा सोडली. त्या दिवसापासून ब्रश माझ्या अलीकडे येऊन थांबे, उडी मारून शेजारणीवर जाई. हे माझ्या खात्रीचे आहे, कारण ब्रशचा आवाज मी नऊ वर्षे ऐकतो आहे आणि मधला तुकडा गायब झाला होता. रक्त काही दिवस दिसेनासे झाले. घासलेच नाही तर कुठून दिसणार? मास्तर समजले, उपाय लागू पडला.

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. कारण त्याच सुमारास हाडाचा आवाज बदलला. कणीस चावताना पूर्वी घट्ट, कोरडा आवाज यायचा. आता वरच्या अंगाला थोडा ओला, पोकळ आवाज येऊ लागला, जसा भिंतीत पाणी मुरल्यावर येतो. माझा पहिला संशय अर्थात शेजारणीवर गेला. तिच्या मुळाशी जुने कीटण होते आणि त्यात जुनेच जंतू. मधली भिंत ती काय जाड?

दुसरा संशय काकूला आला, पण वेगळ्याच दिशेने. मास्तरांच्या तोंडाला वास येऊ लागला होता. मला वास येत नाही. मी फक्त काकूचे म्हणणे ऐकले.

"अहो, जरा इकडे तोंड करून बोला."

"का गं?"

"बोला ना. काहीही बोला."

"काहीही म्हणजे काय बोलू?"

"बास. कळलं मला."

"काय कळलं?"

"परत सुरू केलीत."

"हे बघ, सुतावरून स्वर्ग गाठू नकोस."

"स्वर्ग नाही हो, मी तुमच्या खिशापर्यंतच जाणार आहे."

आणि ती गेली. कोटाचा खिसा, पँटचे खिसे, मशीनचा खण. "खिसे मी शिवायचे आणि तपासायचे तू," मास्तर कुरकुरले. "बायको आहेस की नाक्यावरची चौकी?" सिगरेट सापडली नाही. शर्टाच्या वरच्या खिशात लायटर सापडला.

"हा कशाला?"

"फिती जाळायला. नायलॉनची फीत कापली की टोकाचे धागे सुटतात, टोक जरा जाळलं की बसतं. तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे. त्यासाठीची मेणबत्ती कुठे गेली?"

मास्तरांनी उत्तर देण्याआधी जबडा आवळला. तो मी ऐकला. पण अपमानानेही जबडा आवळतो. दोन्हींचा आवाज मला वेगळा करता येत नाही, आणि इथून पुढे माझी साक्ष कच्ची आहे हे आपण लक्षात घ्यावे.

दुसऱ्या दिवशी काकू दुकानात आली नाही. काज-बटणाचे काम तिने घरी मागवून घेतले. तिचे स्टूल रिकामे राहिले. मास्तर गिऱ्हाइकांना सांगत, "तिची पाठ धरली आहे." घरी काकू विचारी, "काय सांगितलंत?" मास्तर सांगत, "पाठ." काकू म्हणे, "माझ्या पाठीला नावं ठेवू नका, ती ताठ आहे." दिवसभर दुकानात फक्त मशीन चाले. दुपारी खरखर होई, आणि मधूनच एखादी टिचकी. लायटरची. त्या टिचकीनंतर फीत जळते की आणखी काही, हे हाडातून ऐकू येत नाही.

शेवटी हिरडी सुजली, टोपीच्या कडेने दाबले की पांढरे येऊ लागले, तेव्हा काकूनेच दवाखान्याची वेळ घेतली. तिच्या मनात होते की डॉक्टरबाई मास्तरांना पकडतील. मास्तरांच्या मनात होते की डॉक्टरबाई पकडल्या जातील. "तेव्हा स्वस्तातला स्क्रू घातला असणार," ते वाटेत म्हणाले. म्हणजे संशय फिरून माझ्यावर आला. नऊ वर्षे कणसे फोडली, त्याचे हे बक्षीस.

अशा रीतीने आम्ही सव्वाअकराच्या त्या खुर्चीत पोहोचलो.

क्ष-किरणांचा फोटो निघाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हिरडीत खिसा झालाय. आणि हे बघा, स्क्रूभोवतीचं हाड वाटीसारखं खाली गेलंय. वरचे आटे उघडे पडलेत."

"खिसा?" मास्तर म्हणाले. "शिवला कोणी?"

कोणी हसले नाही. या वेळी सर्वांना कळले की हा विनोद होता.

"शेजारच्या दाढेमुळे असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "टोपी चिकटवताना थोडं सिमेंट खाली राहिलं असेल, तर ती माझी चूक. सिगरेट असेल तर तुमची. तपासणीला सात वर्षं आला नाहीत, ते तर आहेच. वरून सांगता येणार नाही. हिरडी उघडून बघावी लागेल."

"आणि उघडल्यावर?" काकूने विचारले.

"अर्धं हाड शाबूत असेल तर साफ करून ठेवते. नसेल तर स्क्रू काढावा लागेल. आणि मग तिथे दुसरा बसवायला हाड उरेल असं मी आत्ता तरी म्हणणार नाही."

काकू म्हणाली, "डॉक्टर, सिगरेट असेल तर उघडल्यावर कळेल?"

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "धूर मागे वस्तू ठेवत नाही."

पुढच्या आठवड्यात जबडा बधिर केला गेला. टोपी काढली गेली. हिरडी बाजूला सारली तेव्हा मी नऊ वर्षांत पहिल्यांदा हवेचा आवाज थेट ऐकला. पाण्याची बारीक धार, नळीने शोषल्याचा घरघराट, डॉक्टरबाईंचा श्वास. मी वाट पाहत होतो की त्या शेजारणीचे नाव घेतील.

"सिमेंट नाही," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "चिमटा दे. बारीक." मग पुन्हा थांबल्या. "हे काय आहे?"

मदतनीस म्हणाली, "केस आहे का?"

"केस निळा नसतो." चिमट्याने काहीतरी हळूहळू ओढले जात होते. "अजून एक. हा पांढरा आहे. मास्तर, तुमच्या स्क्रूच्या आट्यांत दोरे गुंडाळलेत. तुम्ही दात साफ करायला नेमका कुठला दोरा वापरता?"

मास्तरांच्या तोंडात कापूस होता. जीभ बधिर होती. त्यांनी "उं" असा आवाज काढला आणि शर्टाच्या वरच्या खिशात हात घातला असावा. ओढाताण झाली. दोन वस्तू फरशीवर पडल्या. एक गडगडत लांब गेली. दुसरी जागीच ठक्कन पडली.

"रीळ," मदतनीस म्हणाली. "निळं. आणि लायटर."

मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. काकू वाकली असावी.

"फिती जाळायला?" तिने विचारले.

मास्तर म्हणाले, "उं." या आवाजात होकार किती आणि नकार किती, हे कापसामुळे ठरवता आले नाही.

"हे बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, न्हाव्याला कंगवा. मी हसले. मला वाटलं, तुम्ही गंमत करताय. मी विचारायला हवं होतं." पाण्याची धार पुन्हा सुरू झाली. "पण दोरा एकटा एवढं करत नाही. आधी हाड खाली गेलं आणि उघड्या आट्यांत दोरा अडकला, की आधी दोरा अडकला आणि त्याच्या आधाराने जंतूंनी हाड खाल्लं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. ब्रश करायचं का थांबवलंत?"

"कापड विरलं म्हणून," काकूने मास्तरांच्या वतीने उत्तर दिले.

"काय?"

"त्यांचं तसं असतं."

हाड अर्ध्यापेक्षा किंचित जास्त शिल्लक निघाले. माझे आटे एकेक करून घासले गेले, धुतले गेले. शेजारणीच्या मुळाशी बरेच कीटण निघाले, तेव्हा माझा संशय अगदीच हवेतला नव्हता. हिरडी टाके घालून बंद केली आणि टोपी परत बसवली. टाके घालताना मास्तर काहीतरी पुटपुटले आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "मास्तर, माझ्या तुरपाईला नावं ठेवू नका. मी तुमच्या दुकानात येऊन बोलते का?"

टाके निघाल्यापासून ब्रश पुन्हा माझ्यावरून जातो. आधी भीत भीत, आता नीट. फटीतून दोऱ्याऐवजी बाटली धुण्याच्या ब्रशचे पिल्लू वाटावे असा एक छोटा ब्रश फिरतो. त्याला खरखर नाही, सळसळ आहे. रीळ मशीनवर राहते.

मित्रांनो, तुमच्या तोंडात माझ्यासारखा कोणी नसेल. तुमचे दात खरे आहेत आणि त्यांना नसा आहेत. पण तुमच्या घरात कोणाच्या तरी तोंडात मी असेन, म्हणून सांगतो. हिरडीतून रक्त आले तर ब्रश थांबवू नका, आणि जाऊन दाखवा. दुखत नाही म्हणजे बरे आहे, असे माझ्या बाबतीत कधीच समजू नका, कारण मला दुखतच नाही. हाड अर्धे संपेपर्यंत मी टणक उभा असतो आणि टकटक केली तर छान वाजतो. संशय घ्यायचाच असेल तर पहिल्या लाल थेंबाचा घ्या. मी शेजारणीचा घेत बसलो, काकू खिशाचा, मास्तर माझा. आणि तेवढ्या वेळात हाड खाली जात राहिले.

आता शेवटची माहिती.

काल टाके निघाल्यानंतरची तिसरी तपासणी झाली. फोटोत हाड आहे तिथेच आहे. सळई चारी बाजूंनी फिरवली. तीन बाजू कोरड्या निघाल्या. जिभेकडच्या बाजूला एक थेंब आला. "बरं होतंय की परत सुरू होतंय, हे पुढच्या वेळी कळेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सिगरेट नाही ना?" मास्तर म्हणाले, "नाही."

काकूचे स्टूल दुकानात परत आले आहे. मात्र ते आता मशीनला लागून नाही, समोर आहे. तिथून मास्तरांचे तोंड दिसते, असे मास्तर एका गिऱ्हाइकाला हळूच सांगत होते. मेणबत्तीही परत आली आहे. लायटर काकूने ठेवून घेतला. कुठे, ते तिने सांगितलेले नाही.

आज दुपारी काकू तयार कपडे पोचवायला गेली. मशीन थांबले. खण उघडल्याचा आवाज आला. मग काडी ओढली गेली, एकदाच. मेणबत्ती पेटवायला काडीच लागते, आणि आज फितीचे काम होते, हे खरे आहे. त्यानंतर मास्तर मागच्या नळापाशी गेले आणि त्यांनी दात घासले. सावकाश, मन लावून, माझ्या चारी बाजूंनी, सांगितले होते अगदी तसे.

दुपारी दात घासायला त्यांना कोणी सांगितलेले नाही.

काकू आत्ताच परत आली आहे. तिने स्टूल ओढले आहे आणि ती म्हणते आहे, "अहो, जरा इकडे तोंड करून बोला."